आठवणीची साक्ष



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते फौजदारी वकील होते आणि मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. दोन्ही व्यवसायांत एक साम्य आहे. समोर बसलेला माणूस मागे काय घडलं ते सांगतो आणि त्याच्या सांगण्यावर आम्ही पुढचं ठरवतो. फरक एवढाच की कोर्टात त्या सांगण्याची उलटतपासणी होते, माझ्या खोलीत सहसा होत नाही. संयोजकांनी मला ‘मन, भावना आणि समाज’ असा विषय दिला. त्याला तीन व्याख्यानंही पुरायची नाहीत. तेव्हा मी त्यातला एकच धागा धरतो: भावनेच्या भरात पाहिलेली गोष्ट आपल्याला नंतर कितपत खरी आठवते, आणि भोवतालची माणसं त्या आठवणीत काय काय मिसळतात. हा धागा निवडायला कारण समोर बसलेली वकील मंडळी. माझ्या शास्त्रातलं तुमच्या सर्वांत उपयोगाचं प्रकरण हेच आहे, आणि आपल्या कोर्टांपर्यंत ते अजून धड पोचलेलं नाही.

मराठीतून नोंदवलेल्या साक्षी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना एक ठरावीक वाक्य पाठ असेल. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून एखादी गोष्ट सांगतो. ती पोलिसांनी तपासात घेतलेल्या, कलम १६१ च्या जबाबात नसते. बचावाचे वकील ते दाखवून देतात आणि कागदावर उमटतं: ‘सदर बाब माझ्या जबाबात का नमूद नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.’ त्याच्या पाठोपाठ दुसरं: ‘हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे.’ आता या दोन वाक्यांतून कोर्टाला दोनच शक्यता दिसतात. एक तर साक्षीदार पढवलेला आहे, नाहीतर जमादाराने जबाब घाईत उरकला. तिसरीही शक्यता आहे. घटना आणि साक्ष यांच्यामध्ये पाच-सात वर्षं गेली आहेत, आणि एवढ्या काळात साक्षीदाराला ती गोष्ट खरोखरच आठवू लागली आहे. तो खोटं बोलत नाही. त्याला ती दिसते. फक्त ती घडलेली नाही.

असं कसं होईल, असं तुम्ही म्हणाल. विशेषतः खून, दरोडा, आग, अपघात अशा प्रसंगी? साधं काही असतं तर विसरलो असतो, पण हे काळजावर कोरलं गेलंय, असं आपण म्हणतोच की. मानसशास्त्रातही बराच काळ हेच मानलं जात होतं. तीव्र भावनेचा क्षण फोटोसारखा टिपला जातो असा सिद्धांत 1977 मध्ये रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडला. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येची बातमी कळली तेव्हा आपण कुठे होतो, कोण शेजारी होतं, हे लोक इतक्या वर्षांनीही सांगू शकत होते. सिद्धांताला एकच अडचण होती. लोक जे सांगत होते ते खरं होतं की नाही हे ताडून बघायला कुणाकडे काही नव्हतं.

ती सोय मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी केली. 28 जानेवारी 1986 रोजी ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. त्यात एक शाळेतली शिक्षिका होती, त्यामुळे अमेरिका फारच हादरली होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी नायसर यांनी अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या 106 विद्यार्थ्यांकडून एक कागद भरून घेतला: बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, तुम्ही काय करत होतात. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना पुन्हा तेच प्रश्न विचारले. 11 जणांचं सगळंच्या सगळं चुकलं. संपूर्ण बरोबर सांगणारे फक्त तिघे निघाले. वर्गात कुजबूज ऐकून कळलं असं ज्यांनी आधी लिहिलं होतं, त्यांतल्या काहींना आता आपण टीव्हीसमोर बसलो होतो असं स्पष्ट आठवत होतं. त्यांना त्यांचेच कागद दाखवले. हस्ताक्षर आपलंच आहे हे ते कबूल करत होते, पण जुनी आठवण एकालाही परत आली नाही. नवीच त्यांना खरी वाटत राहिली. आणि चुकलेल्यांची खात्री बरोबर असलेल्यांपेक्षा कमी होती का? मुळीच नाही.

नायसर यांना हा संशय स्वतःवरूनच आलेला होता. 7 डिसेंबर 1941 ला पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याची बातमी आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकताना ऐकली, असं त्यांना अनेक वर्षं आठवत होतं. पुढे कधीतरी त्यांच्या लक्षात आलं की डिसेंबरात बेसबॉलचे सामने होतच नाहीत. (त्या दिवशी फुटबॉलचा एक सामना होता आणि दोन्ही संघांची नावं बेसबॉलच्या संघांसारखीच होती, हे नंतर दुसऱ्या संशोधकांनी शोधून काढलं. म्हणजे आठवण निव्वळ हवेतली नव्हती. चुकीच्या खुंटीवर टांगलेली होती.)

यानंतर 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी ड्यूक विद्यापीठात जेनिफर तालारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी विद्यार्थ्यांना दोन आठवणी लिहायला लावल्या. एक हल्ल्याची बातमी कळल्याची, दुसरी त्याच आठवड्यातल्या एखाद्या किरकोळ प्रसंगाची. काही महिन्यांनी पाहिलं तर दोन्ही सारख्याच वेगाने झिजत होत्या. फरक एकाच गोष्टीत होता: किरकोळ प्रसंगाबद्दलची खात्री कमी होत गेली, हल्ल्याबद्दलची तशीच राहिली. वकील मंडळींनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी माझं येणं सार्थकी लागेल. भावनेने खात्री वाढते, अचूकपणा त्या मानाने वाढत नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर पुणेकरांनी पानशेत आठवून पाहावं. 12 जुलै 1961, बुधवार. पानशेतचं मातीचं धरण पुरतं बांधून व्हायच्या आत भरलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते थोडा वेळ तगवलं, म्हणून फुटलं ते दिवसाउजेडी. मग खडकवासलाही गेलं आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत घुसलं. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, पानशेत त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. माझ्याकडे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ झोपेच्या तक्रारीसाठी येत असत. पुराचा विषय निघाला की ते सांगत, वडिलांच्या खांद्यावर बसून आपण पाहिलं, पाण्यातून एक लाकडी देव्हारा वाहत चालला होता आणि त्यात समई अजून उभी होती. सांगताना त्यांचा गळा दाटून यायचा. एकदा त्यांच्याबरोबर त्यांची थोरली बहीण आली. देव्हाऱ्यापर्यंत गोष्ट आली तशी ती म्हणाली, ‘अरे, तू तेव्हा सांगलीला मामाकडे होतास. देव्हारा मी पाहिला. तुला मी सांगितलं.’ ते गृहस्थ असे संतापले की मला पाणी आणवावं लागलं. बहीणही मागे हटेना. ‘आई असती तर सांगितलं असतं,’ एवढं म्हणून ती गप्प झाली.

दोघांतलं कोण बरोबर हे मला ठरवता येणार नव्हतं आणि उपचारासाठी ते ठरवण्याची गरजही नव्हती. पण हा प्रकार शास्त्राला नवा नाही. 2001 साली न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी रुबिन यांच्यासह जुळ्या भावंडांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अनेक जोड्यांमध्ये असे प्रसंग निघाले की दोघांनाही ते आपल्याच बाबतीत घडल्याचं ठामपणे आठवत होतं. सायकलवरून पडलो तो मी की तू? शाळेत मार खाल्ला तो कुणी? ज्या घरात गोष्टी पुन्हापुन्हा सांगितल्या जातात त्या घरात आठवणींची मालकी अशी फिरत राहते. त्या गृहस्थांना ऐकलेल्या गोष्टीचं चित्र मनाने काढून दिलं असेल, पुढे वर्तमानपत्रांतल्या पुराच्या फोटोंनी त्यात रंग भरले असतील. दाटून येणारा गळा मात्र त्यांचाच होता. त्यात काही नाटक नव्हतं.

हे घडतं कसं? मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानशिलाच्या आतल्या अंगाला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या प्रसंगांच्या आठवणी तयार व्हायला तो लागतो. हे आपल्याला कळलं ते हेन्री मोलेसन या माणसामुळे. 1953 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, अपस्मार थांबावा म्हणून अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये शल्यचिकित्सक विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हे भाग काढून टाकले. झटके कमी झाले, पण त्यानंतर त्याला नवी आठवण साठवताच येईना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याला वर्षानुवर्षं तपासायला जात आणि दर वेळी त्या त्याला नव्याच. तरी आरशात बघून चांदणी गिरवायचं कसब तो शिकला. रोज हात जास्त सफाईने चाले आणि रोज तो म्हणे की हे आपण पहिल्यांदाच करतोय. 2008 मध्ये तो वारला, तेव्हा कुठे त्याचं पूर्ण नाव जगाला कळलं. तोवर पुस्तकांत तो नुसता ‘एच. एम.’ होता. स्मृतीच्या शास्त्रावर या एका माणसाचे जेवढे उपकार आहेत तेवढे क्वचितच कुणाचे असतील.

हिप्पोकॅम्पसला लागूनच अमिग्डाला आहे. भीती, धोका यांची दखल घेणारा हा भाग. प्रसंग धोक्याचा असला की तो हिप्पोकॅम्पसला जणू बजावतो, हे नीट धर. मनाचा झोत मग धोक्यावर पडतो आणि बाजूचं अंधारात जातं. दरोडेखोराच्या हातातला सुरा साक्षीदाराला पात्यासकट आठवतो, चेहरा आठवत नाही. अमेरिकन सैन्याच्या एका प्रशिक्षण केंद्रात चार्ल्स मॉर्गन यांनी हे करून पाहिलं. तिथे सैनिकांना खोट्या युद्धकैद्यांच्या छावणीत ठेवून त्यांची चौकशी करतात. ज्याने कठोरपणे चौकशी केली त्याच्यासमोर सैनिक अर्ध्या तासाहून अधिक वेळ, चांगल्या उजेडात बसले होते. नंतर रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून तोच चौकशी अधिकारी जेमतेम 30 टक्के सैनिकांनी ओळखला. सौम्य चौकशी करणाऱ्याला मात्र साठावर टक्के सैनिकांनी ओळखलं. हे धट्टेकट्टे, कसलेले जवान. तुमच्याआमच्यासारख्यांची काय कथा.

टिपताना असं होतं. आठवताना आणखी एक गोष्ट होते, ती जास्त विचित्र आहे. 2000 साली न्यूयॉर्क विद्यापीठात करीम नादर आणि जोसेफ लेडू यांच्या गटाने उंदरांना एक सूर ऐकवून पायाला विजेचा झटका दिला. दुसऱ्या दिवशी नुसता सूर ऐकला तरी उंदीर भीतीने थिजत. मग सूर ऐकवून लगेच, नवी प्रथिनं तयार होणं थांबवणारं औषध त्यांच्या अमिग्डालात सोडलं. त्यानंतर सूर ऐकून ते घाबरेनासे झाले. सूर न ऐकवता तेच औषध दिलं तर मात्र भीती कायम. याचा अर्थ असा निघतो की जुनी आठवण वर काढली की ती थोडा वेळ मऊ होते आणि पुन्हा नव्याने बसवावी लागते. माणसात नेमकं असंच घडतं का आणि किती प्रमाणात, यावर अजून वाद आहेत. पण जी गोष्ट आपण पुन्हापुन्हा सांगतो ती बऱ्याचदा बदललेली असते, असं मला वाटतं. फक्त आधी तिच्यात काय होतं हे सांगायला क्वचितच कुणी उरलेलं असतं.

निसर्गाने इतकी गचाळ व्यवस्था का केली, असं वाटणं साहजिक आहे. मला ती गचाळ वाटत नाही. लंडनमध्ये डेमिस हसाबिस आणि एलिनॉर मग्वायर यांनी 2007 मध्ये हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांना सांगितलं, समुद्रकिनाऱ्यावर निवांत पडला आहात अशी कल्पना करा. त्यांना ती नीट करता येईना. निळा रंग, वाळू असे तुकडे येत, त्यांचं दृश्य जुळेना. (हेच हसाबिस पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेत गेले आणि 2024 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) ज्या यंत्रणेने आपण काल आठवतो त्याच यंत्रणेने उद्याची कल्पना करतो. तिला जुने तुकडे नव्या तऱ्हेने जोडता आलेच पाहिजेत. ही सोय आहे म्हणून आपण बेत आखतो, दुसऱ्याचं दुःख समजून घेतो, कादंबरी वाचतो. कोर्टात साक्ष देण्यासाठी ती घडलेली नाही.

इथे पुण्यातल्याच एका खटल्याची आठवण करून दिली पाहिजे. 2008 मध्ये इथल्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खटल्यात एका तरुणीला जन्मठेप दिली. पुराव्यात मेंदूच्या विद्युत लहरींची एक चाचणी होती. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, ‘मी विष विकत घेतलं’ अशा प्रकारची वाक्यं ऐकवायची, संशयिताने गप्प बसायचं, आणि प्रत्यक्ष अनुभव घेतलाय की नुसतं ऐकलंय हे संगणकाने सांगायचं. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी कपाळाला हात लावला. देव्हारा बहिणीने पाहिला की भावाने, हे भावालाच कळत नाही. मग ते टाळूवर चिकटवलेल्या तारांना कसं कळणार? पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. 5 मे 2010 ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या असल्या चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असं ठरवलं. बनावट मुद्रांकांच्या तेलगी प्रकरणातली नार्कोची चित्रफीत आपण सगळ्यांनी टीव्हीवर मिटक्या मारत पाहिली होती. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल योग्यच आहे. पण तो सक्तीच्या मुद्द्यावर आहे, या चाचण्या शास्त्राला धरून आहेत का या प्रश्नाचं अंतिम उत्तर त्यात नाही.

आता भोवतालच्या माणसांकडे वळतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा 1974 चा प्रयोग काही जणांनी ऐकला असेल. मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवून काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, ‘आदळून चुराडा झाला’ तेव्हा किती होता. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. इथवर ठीक. आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा पाहिल्यात का? फिल्ममध्ये काचा नव्हत्याच. ‘चुराडा’ ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांना त्या दिसल्या होत्या, ‘लागल्या’ ऐकलेल्या 50 पैकी फक्त 7 जणांना. प्रश्नातल्या एका क्रियापदाने काचा फुटल्या. ‘त्याच्या हातात कोयता होता ना?’ असं विचारून जबाब लिहिणाऱ्या हवालदाराला हे कुणी शिकवलेलं नसतं.

याहून गंभीर प्रयोग गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी 1998 मध्ये केला. दुकानातल्या कॅमेऱ्याची अंधूक चित्रफीत दाखवून लोकांना फोटोंतून गुन्हेगार ओळखायला सांगितलं. खरा गुन्हेगार त्या फोटोंत नव्हताच, म्हणजे ज्यांनी कुणाला ओळखलं ते सगळे चुकले. त्यांतल्या काहींना नुसतं एवढंच म्हटलं, ‘छान, तुम्ही संशयितालाच ओळखलंत.’ त्या एका शाबासकीने काय झालं? त्यांची खात्री वाढली. आणि इतकंच नाही, चेहरा आपल्याला नीट दिसला होता, आपण लक्ष देऊन पाहत होतो, ओळखायला वेळ लागला नाही, असंही ते सांगू लागले. मागे काय दिसलं होतं तेच बदललं.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी 1925 मध्येच लिहून ठेवलं होतं की माणूस एकटा आठवत नाही. कुटुंब, गाव, धर्म यांच्या चौकटीत आठवतो. (1945 मध्ये नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीत त्यांचा अंत झाला.) ही गोष्ट आपल्याला शिकवायला फ्रान्सहून कुणी यायला नको होतं. घनपाठी वैदिकांनी ती फार पूर्वी ओळखली होती. घनपाठात शब्द सरळ म्हणत नाहीत. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, पुन्हा एक-दोन-तीन, अशी उलटसुलट गुंफण करत पुढे जातात. एखादा शब्द घसरला तर गुंफण तिथेच अडते. शेजारी बसलेला दुसरा पाठक लगेच टोकतो. त्या विद्येची दारं कुणाकुणाला बंद होती हा वेगळा आणि कडू विषय आहे, तो मी इथे काढत नाही. मुद्दा असा की जिथे अचूकपणा हवा होता तिथे तो एका माणसाच्या खात्रीवर सोडलेला नव्हता. घरगुती गोष्टींना असला पहारा नसतो. आजोबांनी मळ्याची वाटणी कशी सांगितली होती यावरून दोन भाऊ दिवाणी कोर्टात येतात, दोघे शपथेवर सांगतात, आणि माझा अंदाज असा की बऱ्याचदा दोघेही खरंच बोलत असतात.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग आठवणीवर कशाला विश्वास ठेवायचा? आठवणीतला भावनेचा भाग मात्र चिवट असतो. जीनिव्हाचे एडवार क्लापारेद यांनी 1911 मध्ये एका स्त्री रुग्णाची हकीकत लिहिली आहे. ती काही क्षणांपूर्वीचंही विसरत असे. एकदा तिच्याशी हस्तांदोलन करताना त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिला टोचली. थोड्या वेळाने ती टोचल्याचं विसरली. पण पुन्हा हात पुढे केला तर तिने आपला हात मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे. 2010 साली आयोवा विद्यापीठातल्या जस्टिन फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी सौम्य रूपात तेच दाखवलं. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांना दुःखी चित्रपटातले तुकडे दाखवले. काही मिनिटांत ते काय पाहिलं ते विसरले, दुःख मात्र उरलं. नंतर अल्झायमरच्या रुग्णांतही तेच आढळलं, आणि नुसत्या दुःखाच्या बाबतीत नाही, आनंदाच्याही.

माझ्या दवाखान्यात मुलगे आणि सुना येतात. ‘डॉक्टर, आईला भेटून काय उपयोग? मी उठून गेलो की पाच मिनिटांत ती विसरते, आणि वर शेजारणीला सांगते की मुलगा येतच नाही.’ त्यांची चिडचिड मी समजू शकतो. पण हे शास्त्र त्यांच्या बाजूने नाही. भेट विसरली जाते, भेटीने आलेला निवांतपणा त्यानंतरही काही वेळ टिकतो. रात्री ती कमी ओरडते हे सांभाळणाऱ्या बाईंना माहीत असतं. आणि कुणी खेकसलं असेल तर तेही टिकतं, फक्त कारण न कळता.

आता शेवटी कोर्टाकडे येतो. अमेरिकेत ‘इनोसन्स प्रोजेक्ट’ ही संस्था 1992 पासून डीएनएच्या आधारे निरपराध कैद्यांना सोडवते आहे. त्यांनी सोडवलेल्या माणसांपैकी दोन-तृतीयांशांच्या आसपास खटल्यांत प्रत्यक्षदर्शीने चुकीचा माणूस ओळखला होता. हे साक्षीदार बहुतेक प्रामाणिक होते, कित्येक तर स्वतः गुन्ह्याचे बळी होते. पण त्याच शास्त्राने दुसरी बाजूही दाखवली आहे आणि ती सांगितली नाही तर मी बचावाचा वकील ठरेन. जॉन विक्सटेड आणि गॅरी वेल्स यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं की ओळख परेड नीट घेतली असेल, तर त्या पहिल्या क्षणी साक्षीदाराला वाटलेली खात्री बरीच विश्वासार्ह असते. बिघडते ती नंतर. पोलिसांच्या ‘छान’ने, वर्तमानपत्रातल्या फोटोने, घरच्यांच्या ‘तूच एकटा पाहिलंस रे’ने, वर्षानुवर्षांच्या सांगण्याने.

आपला कायदा याच्या बरोबर उलटा आहे. ओळख परेड हा आपल्याकडे स्वतंत्र पुरावा नाही, केवळ पाठबळ देणारा आहे. मुख्य पुरावा कोणता, तर काही वर्षांनी भर कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या एकुलत्या एका माणसाकडे बोट दाखवून ‘हाच तो’ म्हणणं. जी ओळख शास्त्रदृष्ट्या सर्वांत कमी मोलाची, ती कायद्याने सर्वांत वजनदार. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले, १६१ च्या जागी १८० चा जबाब आला, पण ही गोष्ट तशीच राहिली. माझ्या मते हा मोठा दोष आहे आणि तो सुधारायला डॉक्टरांनी नाही, वकिलांनी उठलं पाहिजे.

तोवर करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला कायदा बदलावा लागत नाही. आपल्याकडची परेडची पद्धत वाईट नाही. ती तहसीलदार घेतात, पोलिसांना बाहेर ठेवतात, आरोपीला बुरखा घालून आणतात, सारख्या अंगलटीची माणसं सोबत उभी करतात. उणीव दोन गोष्टींची आहे. घेणाऱ्याला संशयित कोण हे ठाऊक असतं. ते ठाऊक नसलेला माणूस तिथे हवा, कारण नजर आणि हुंकारही साक्षीदाराला पुरतात. 2014 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने हीच शिफारस केली. आणि ‘हाच वाटतो’, ‘हाच आहे’, ‘बहुतेक हा’, यांतलं साक्षीदार जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत तिथल्या तिथे पंचनाम्यात उतरलं पाहिजे. नुसतं ‘ओळखले’ नको.

आणि समोर बसलेल्या तरुण वकिलांना एवढी विनंती. साक्षीदाराला ‘तुम्ही खोटं बोलता’ असं सुचवण्यात उलटतपासणीचा वेळ घालवू नका. तो ‘हे म्हणणे खरे नाही’ म्हणेल आणि तेही खरंच असेल. त्याऐवजी विचारा: हे तुम्ही पहिल्यांदा कुणाला सांगितलंत? ते काय म्हणाले? परेडीनंतर तुम्हाला कुणी शाबासकी दिली का? आरोपीचा फोटो त्याआधी कुठे पाहिला होतात का? ही चार उत्तरं, ती तुमच्या अशिलाच्या बाजूची असोत की विरुद्ध, नोंदीवर आणा.